झाकण

१

मृणालीची नोकरी कसली, हे सांगताना आबांची नेहमी पंचाईत व्हायची. पोरगी लायब्ररीचं काम करते, असं ते जळगावच्या पिंप्राळ्यातल्या शेजाऱ्यांना ऐटीत सांगत, आणि शेजारी विचारत, कोणत्या वाचनालयात? मग मृणालीला समजावत बसावं लागे की ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम असतो, पुडीतल्या तयार मसाल्यासारखा; आपण फक्त आपल्या भाजीत टाकायचा. ही लायब्ररी मजकूर वाचते. त्यात कोणाचं नाव, फोन नंबर, आधार नंबर, पत्ता दिसला की हुडकून काढते आणि त्यावर झाकण घालते. नावाच्या जागी मग कंसात नुसतं 'व्यक्ती' असं उमटतं. माणूस कोण, ते कोणाला कळत नाही.

आबा म्हणजे भिका आबा, मृणालीचे वडील. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात जन्मले, उभी हयात धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात गेली, आणि आई वारल्यावर लेकीकडे जळगावला येऊन राहिले. यंत्राचं नाव काढलं की त्यांचे कान टवकारत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं विचारलं, "म्हंजे आधी सापडावं लागस, मंग झाकता येस?"

"हो."

"सापडल्याशिवाय झाकता येत नही?"

"नाही आबा. सापडलंच नाही तर झाकणार काय?"

आबा हसले आणि म्हणाले, उलटंच काम आहे तुझं. तिलाही हसू आलं. तेव्हा ती गोष्ट हसण्यावारी गेली.

ऑफिस म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. मालक जितेंद्र सर, त्यांचं काचेचं केबिन, चार टेबलं आणि खिडकीत घरघरणारा कूलर. खाली तळमजल्यावर केळीच्या वेफर्सचं दुकान. सकाळी दहाला कढई तापली की तेलाचा वास जिन्याने वर यायचा आणि दिवसभर मुक्कामाला राहायचा. मे महिन्यात दुपारी बारानंतर जळगावचे रस्ते असे ओस पडतात की कर्फ्यू लागलाय असं नवख्या माणसाला वाटावं. त्या शांततेत खालच्या कढईचा चर्र आवाज आणि वर कूलरची घरघर, एवढंच काय ते जिवंत.

काम एका धर्मादाय दवाखान्याचं होतं. तिथले कारकून पेशंटची माहिती मराठीत टाइप करत. नाव, तक्रार, औषध, आणि शेवटी 'सोबत' म्हणून एक रकाना. बरोबर कोण आलं ते तिथे लिहायचं. दर आठवड्याला ती फाइल यायची, मृणालीने नावं झाकायची आणि पुण्याला संशोधनासाठी पाठवायची. सरळ काम होतं.

२

घोळ झाला तो लोटनमुळे.

पुण्याहून तक्रार आली की झाकलेल्या फाइलमध्ये एका पेशंटचं नाव उघडं राहिलंय. जितेंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, पण एवढं सांगितलं की असं पुन्हा झालं तर काम जाईल, आणि काम गेलं तर ऑफिसही राहणार नाही.

मृणालीने फाइल उघडली. लायब्ररीने राजदीप ओळखलं होतं, नूतन ओळखलं होतं, पार्वताबाईसुद्धा बरोबर झाकली होती. पण 'लोटन' तिला नाव वाटलंच नव्हतं. लोटणे, ढकलणे, असलंच काहीतरी समजून ती पुढे गेली होती. शोधत गेल्यावर आणखी सापडली. सुपडू. भिका. ज्यांनी लायब्ररी लिहिली त्यांच्या गावात अशी नावं ठेवत नसावेत.

भिका वाचताना ती जराशी थबकली. आपल्या बापाचं नाव यंत्राला नाव वाटत नाही, याचा तिला चक्क राग आला.

खाली वेफर्स तळणाऱ्याचं नावही सुपडूच होतं. सुपडू भाऊ बोदवडकडचे. सत्तरीला आलेले, अंगात कायम बनियन, आणि कढईवर धरलेल्या किसणीवरून कच्ची केळी अशी झरझर ओढायचे की बघत राहावं. मृणालीवर त्यांचा जीव होता. तुटक्या वेफर्सचा पुडा तिच्यासाठी बाजूला ठेवलेला असायचा, आणि ती पैसे काढू लागली की ते रागावायचे. त्या दुपारी ती खाली उतरली आणि त्यांना विचारलं, भाऊ, तुमचं हे नाव कोणी ठेवलं?

सुपडू भाऊंनी गॅस बारीक केला. हा प्रश्न त्यांना फार वर्षांत कोणी विचारला नसावा.

"माह्याआधी तीन गेले, ताई," ते म्हणाले. "मी झालो तं मायनं मले सुपात टाकलं. म्हने, हा आमचा नाही, हा कोंडा हाये. कोनी पाहाले आलं तं त्याले कोंडाच दिसला पाह्यजे."

"कोण पाहायला?"

"ज्याले पाहाचं आसते तो." त्यांनी झाऱ्याने कढईतले वेफर्स उलटवले. "हे नाव नाही ताई, झाकन हाये. मायनं घातलेलं."

मृणालीला ते फार आवडलं. आवडलं म्हणजे कामाचं वाटलं. जिना चढतानाच तिच्या डोक्यात नियम तयार झाला होता.

३

नियम अवघड नव्हता. सूप, भीक, लोटणे, उकिरडा असल्या हलक्या शब्दांतून निघालेला शब्द, आणि त्याच्यापुढे भाऊ, आबा, नाना किंवा अक्का. असं दिसलं की लायब्ररीने समजायचं, हे नाव आहे. अशा नियमाला प्रोग्राममध्ये काहीतरी नाव द्यावं लागतं. तिने 'झाकण' असं दिलं. सुपडू भाऊंचा शब्द वापरला म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

घरी तिने आबांनाही त्यांच्या नावाबद्दल विचारलं. आबांनी हात झटकला. त्यांच्या घरात देवदेवस्की कधी नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कपाटात पुस्तकं, बाकी कशाला थारा नव्हता. तरी मग त्यांनीच सांगितलं की आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्यांच्या आईने त्यांना जन्मताच शेजारणीच्या ओटीत घातलं आणि पदर पसरून भीक म्हणून परत मागून घेतलं. आई अडाणी होती, ते म्हणाले. पण हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. आता मला नुसतं भिका म्हणणारं कोणी उरलं नाही, असंही म्हणाले. जो तो आबा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तिने नियम तपासायला एक ओळ लिहिली. असली ओळ ती नेहमी फाइलच्या शेवटी टाकायची आणि पाठवताना काढून घ्यायची. तिने लिहिलं, 'भिका आबा, गुडघेदुखी. सोबत: मृणाली.'

लायब्ररी प्रत्येक शोधाबरोबर आपली खात्रीही सांगते. नावांच्या बाबतीत ती कधीच पूर्ण नसते. माणसांच्या नावाची कोण खात्री देणार? दहा-बारा आण्यांपर्यंत गेली तरी पुष्कळ. या नियमाला तर मृणालीने स्वतःच्या हाताने त्याहून कमी आकडा दिला होता.

पडद्यावर उत्तर आलं. भिका: व्यक्ती. खात्री पुरी सोळा आणे.

तिने पुन्हा चालवलं. सुपडू, सोळा आणे. लोटन, सोळा आणे. तिने दिलेला आकडा लायब्ररीने बाजूला ठेवला होता. गर्दीत जुनं ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण नाव आठवत बसत नाही, तसं काहीतरी झालं होतं. कुठेतरी आपलीच चूक असणार, असं म्हणून तिने दोन तास प्रोग्राम तपासला. चूक सापडली नाही. नावं मात्र सगळी सापडत होती, आणि जितेंद्र सर खूश होते.

४

सुपडू भाऊंनी एकदा जिन्याच्या तोंडाशी तिला अडवलं. म्हणाले, काय ताई, सापडलं का माझं नाव तुमच्या मशीनला?

"सापडलं ना," मृणाली म्हणाली. "आता एकही सुटत नाही."

तिला वाटलं, ते हसतील. ते हसलेही, पण जरा उशिराने.

"म्हंजे मायची मेहनत वाया गेली म्हना," ते म्हणाले आणि कढईकडे वळले.

थट्टाच होती. पण मृणाली जिना चढून वर आली तेव्हा कान गरम झाले होते, आणि ते उन्हाने नव्हे, हे तिलाही कळत होतं. माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिने उचलून यंत्राला दिली होती. त्यात वाईट ते काय? नावं झाकायलाच तर दिली. लोकांच्या भल्याचंच काम आहे. असं तिने स्वतःला दोन-तीनदा समजावलं, आणि ज्या गोष्टीचं असं समजावत बसावं लागतं तिच्यात काहीतरी खोट असते, हेही तिला ठाऊक होतं.

त्याच दुपारी तिला दुसरी गोष्ट दिसली.

सुपडू नावाच्या एका पेशंटची नोंद होती. म्हातारा रावेरकडचा, एकटाच आलेला. 'सोबत' पुढचा रकाना कारकुनाने कोरा सोडला होता. लायब्ररीने तिथे खूण केली होती. व्यक्ती.

मृणालीने डोळे बारीक करून पाहिलं. सापडलेला शब्द कुठून कुठपर्यंत आहे तेही लायब्ररी सांगते. इथे सुरुवात आणि शेवट एकाच जागी होता. म्हणजे शब्दच नव्हता. देवनागरी टाइप करताना कधी कधी न दिसणारी चिन्हं मजकुरात घुसतात, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ती जागा उसवून तपासली. तिथे काहीच नव्हतं. दोनदा पाहिलं. 'सोबत', मग दोन टिंबं, मग कोरं.

मग तिने कोरे रकाने असलेल्या बाकीच्या नोंदी काढल्या. राजदीप एकटा आला होता, त्याचा रकाना कोरा, आणि लायब्ररीला तिथे काही दिसत नव्हतं. कामिनी एकटी आली होती, तिथेही काही नाही. फक्त लोटन, फक्त सुपडू, फक्त भिका. झाकणवाले म्हातारे दवाखान्यात एकटे आले होते आणि लायब्ररीच्या मते कोणीही एकटं आलं नव्हतं.

कूलरमधलं पाणी संपलं होतं. नुसती गरम हवा आत येत होती. मृणाली उठून बादली भरायला गेली, आणि येताना मुद्दाम जितेंद्र सरांच्या केबिनवरून आली, माणूस दिसावं म्हणून.

५

पुढच्या आठवड्याची फाइल आली. त्यात जुन्याच पेशंटच्या पुढच्या नोंदी असतात. मृणालीने आधी रावेरच्या सुपडूंची नोंद काढली. एकच शब्द होता, मयत.

लोटन, मयत. दुसरे एक लोटन नाना, शिरपूरकडचे, मयत.

आता यात नवल ते काय? तिने शांतपणे विचार करायचं ठरवलं. असली नावं आजकाल कोणी ठेवत नाही, म्हणजे ती सगळी म्हातारीच माणसं. आजारी होती म्हणून दवाखान्यात आली. वर हा उन्हाळा. म्हातारी माणसं मे महिन्यात जातात, त्याला लायब्ररी काय करणार? शिकलेल्या घरातली ती पोरगी. हे कोणाला सांगायचं म्हटलं तरी लाज वाटली असती. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं असतं की पुन्हा मान वर करता आली नसती.

तरी तिने दवाखान्यात फोन लावला. नोंदी बरोबर आहेत का ते बघायचंय, असं सांगून तिथल्या कारकुनाला रावेरच्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. कारकून म्हणाला, ते तर बरे होऊन घरी गेले होते. घरच्यांनी सांगितलं, दुपारी ओसरीवर बसले होते, कोणाशी तरी बोलत होते. सून पाणी घेऊन आली तर एकटेच होते, आणि संपलेले होते.

"कोणाशी बोलत होते?" मृणालीने विचारलं.

कारकून म्हणाला, मॅडम, ऊन लागलं की माणूस बरळतो. आणि फोन ठेवला.

तो म्हणत होता तेच खरं असणार.

६

आता इथे मृणालीने जे केलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

नियम काढून टाकणं तिच्या हातात होतं. चार ओळी खोडल्या असत्या तर लायब्ररी पुन्हा आंधळी झाली असती आणि लोटन, सुपडू, भिका पुन्हा कोंड्यासारखे तिच्या नजरेखालून निघून गेले असते. पण मग फाइलमध्ये नावं उघडी पडली असती, पुण्याने काम काढून घेतलं असतं, आणि ऑफिसला टाळं लागलं असतं. एका वेड्या शंकेपायी? तिने नियम ठेवला.

मात्र लायब्ररीत एक सोय असते. एखादा शब्द नाव म्हणून धरायचाच नाही, असं तिला बजावता येतं. मृणालीने तिथे एक शब्द टाकला. भिका.

तिचं म्हणणं असं, की या नोंदींमध्ये भिका जेमतेम दोघे-तिघे. सुटले तरी पुण्याच्या लोकांना तो साधा शब्दच वाटेल. सुपडू मात्र पुष्कळ होते. ते सुटले असते तर लगेच बोंब झाली असती.

बोट कळफलकावर होतं. सुपडू हा शब्द टाइप करायला कितीसा वेळ लागतो? खालून चर्र आवाज येत होता. सुपडू भाऊंनी नवा घाणा सोडला होता आणि कोणाला तरी मोठ्याने सांगत होते की आजची केळी सावद्याची आहेत. मृणालीने क्षणभर ऐकलं. मग स्वतःला म्हणाली, ते तर दवाखान्यात गेलेलेच नाहीत, त्यांचं नाव फाइलमध्ये नाहीच. आबाही गेले नव्हते, त्यांचं नावही तिच्या त्या एका ओळीपुरतंच होतं, हे तिला तेव्हाच कळत होतं. तिने तसंच ठेवलं, काम चालवलं आणि फाइल पुण्याला पाठवून दिली.

निघताना सुपडू भाऊंनी पुडा पुढे केला. तिने घेतला नाही. पोट ठीक नाही म्हणाली. घरी आबांनी जेवायला बोलावलं तेव्हाही तेच सांगितलं.

७

चार दिवसांनी ती ऑफिसला पोचली तेव्हा खाली शटर अर्धं ओढलेलं होतं आणि तेलाचा वास नव्हता.

सुपडू भाऊंची बायको, सुमनबाई, दुकानाच्या पायरीवर बसली होती. बाजूला दोन-तीन बायका. मृणाली तिच्याजवळ बसली. सुमनबाई रडत नव्हती. एकसुरी आवाजात, विचारलं नसतानाही सांगत होती. काल रविवारी दुपारी, वरचं ऑफिस बंद असताना, दुकानात दोघंच होते. ती आत केळी सोलत होती. बाहेरून कोणीतरी हाक मारली, सुपडू म्हणून. भाऊ नाही, काका नाही, नुसतं सुपडू. तिला वाटलं, गावाकडचं कोणी वडीलधारं आलं असेल. त्यांनी आलो म्हणून ओ दिली, गॅस बंद केला. माठातून पाणी घेतल्याचा आवाज तिला आला. मग ते बोलत बसले. खुशीत होते, असं ती म्हणाली. फार दिवसांनी कोणी भेटल्यासारखे.

ती बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत मान टाकून बसले होते. समोर दुसरी खुर्ची ओढलेली होती. स्टुलावर पाण्याचे दोन पेले. दोन्ही रिकामे.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, सुमनबाई म्हणाली, पाणी प्यायला आलं तरी कोण, आणि गेलं कुठे?

मग तिने मृणालीचा हात धरला. तुझं फार कौतुक होतं त्यांना, म्हणाली. परवाच सांगत होते, ताईने माझं नाव मोठ्या मशीनमध्ये घातलंय.

मृणालीला तो हात सोडवून घ्यावासा वाटला आणि सोडवून घेता येईना. एक शब्द टाइप करायला कितीसा वेळ लागला असता, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी केलं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते ऐकून सुमनबाईला काय कळलं असतं? काहीच नाही. म्हणून ती बोलली नाही, आणि त्याचीही तिला शरम वाटली.

८

ती वर गेली ती नियम खोडायचाच म्हणून. काम जाऊ दे, ऑफिस जाऊ दे. जितेंद्र सर आले नव्हते. कूलर बंद होता आणि खोली भट्टीसारखी तापली होती. तिने तो न लावताच संगणक सुरू केला, चार ओळी शोधल्या आणि खोडल्या. झालं. एवढंच होतं ते.

मग तिला वाटलं, पुण्याला गेलेली फाइल एकदा बघावी. झाकलेली फाइल ती सहसा उघडून बघत नसे. तिथे बघण्यासारखं काही उरतच नाही.

पहिलं पान. [व्यक्ती], ताप. [व्यक्ती], मधुमेह. [व्यक्ती], सोबत [व्यक्ती]. दुसरं पान, तिसरं पान. सगळीकडे तोच कंस, तोच शब्द. सगळ्या माणसांना एकच चादर पांघरून ओळीने निजवलं होतं. सुपडू कुठे नाही, लोटन कुठे नाही. ती खाली खाली सरकवत गेली, आणि मध्येच तिला एक नाव दिसलं.

भिका.

पुढे पुन्हा झाकणं, पाच-सहा पानं. मग पुन्हा, भिका.

तेव्हा तिला कळलं. तिने बापाला लायब्ररीच्या नजरेतून वाचवलं होतं. जे सापडत नाही त्यावर झाकण पडत नाही, हे तिनेच त्यांना समजावून सांगितलं होतं. इतक्या माणसांच्या फाइलमध्ये प्रत्येकाचं नाव झाकलेलं होतं, आणि एकच नाव उघडं होतं. शोधणाऱ्याला आता शोधायचीही गरज नव्हती. वाचलं की पुरे.

ती शेवटच्या पानावर गेली. तिथे तिची ओळ होती. पाठवताना काढायची राहिली होती.

'भिका आबा, गुडघेदुखी. सोबत: [व्यक्ती].'

तिथे मी माझंच नाव लिहिलं होतं, ती स्वतःला म्हणाली. त्या झाकणाखाली मीच आहे. दुसरं कोणी नाही, मीच आहे. पण असं म्हणून धीर येईना. उलट, ते तसंच असेल हीच भीती होती.

तिने घरी फोन लावला. बाहेर दुपार पांढरीफटक झाली होती. घंटी बराच वेळ वाजली.

"बोल वं माय," आबा म्हणाले. आवाज चांगला होता. नुकतेच जेवले होते. वांग्याची भाजी चांगली झाली होती, असं सांगायला लागले.

"आबा, दार लावलंय ना?"

लावलंय, ते म्हणाले. एवढ्या उन्हात दार कोण उघडं ठेवतं? आणि मग बोलता बोलता थांबले.

"थांब जरा. कोनी तरी हाक मारी राह्यनं."

"कोण?"

"काय माहीत. नावथीन हाक मारी राह्यनं." ते हसले, लहान मुलासारखे. "नुसतं भिका म्हनस. किती वरीस व्हयनात, मना मायनंतर कोनी..."

"आबा, ओ देऊ नका. उठू नका. त्यांना सांगा, इथे भिका म्हणून कोणी राहत नाही."

"काबर? मनंच नाव शे ते. खोटं कसं बोलू?"

कधीच बोलले नव्हते ते खोटं, सगळ्या जन्मात. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बंद केला नव्हता. चपला फरशीवर सरकत गेल्या. कडी निघाली. दारातून आत येणाऱ्या गरम वाऱ्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि तो लगेच थांबला, दारात कोणीतरी उभं राहिल्यावर थांबतो तसा.

"ये, ये," आबा म्हणाले. "उन्हमाईन उना. बस."

खुर्ची ओढली गेली. मग दुसरी. माठावरचं झाकण निघालं. एक पेला भरला. मृणाली फोनमध्ये ओरडत होती, आबा, आबा, आणि त्या रिकाम्या खोलीत तिचा आवाज तिच्याच कानांवर आदळत होता. दुसरा पेला भरला.

मग आबांचा आवाज आला. तो तिच्याशी बोलत नव्हता. समोर बसलेल्याला ते टेबलावरचा फोन दाखवत असावेत. आवाजात तेच जुनं कौतुक होतं, शेजाऱ्यांना लायब्ररीचं सांगतानाचं.

"मनी पोर शे ती. तिनीच सांगितलं व्हई तुले मनं नाव."